क्लोरीनकाकू

आर. के. पुरमपासून द्वारकेपर्यंत पसरलेल्या समस्त महाराष्ट्रीय मंडळींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपणा सर्वांचे सामायिक नाक गेल्या दिवाळीनंतर बंगळुरूस हलविण्यात आले आहे. सदर नाकाच्या पश्चात एक बंद फ्लॅट, झाकणे नसलेली असंख्य पातेली आणि एक सैरभैर शेजारी असा परिवार आहे. कृपया कोणीही फुले पाठवू नयेत. फुलांमुळेच हा प्रसंग ओढवला.

घाबरू नका, नाकाच्या मालकीणबाई ठणठणीत आहेत. त्यांचं नाव एस्तेर साळवे. मूळच्या नगरच्या, लग्नानंतर दिल्लीच्या, आणि स्वभावानं कुठल्याच एका जागेच्या नाहीत. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. साळवेकाका मंत्रालयात होते आणि काकू शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. तोंडावर आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पाठीमागे क्लोरीनकाकू. हे त्यांना माहीत होतं. एकदा जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "नाव बरोबर आहे. पण कशावरून ठेवलंत, ते सांग." मी जिन्याचा कठडा नखानं खरवडायला लागलो. "माहीत नसताना बरोबर आलेलं उत्तर चूकच," असं म्हणून त्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर निघून गेल्या.

"कशावरून?" हा त्यांचा श्वास होता आणि "चूक!" हा उच्छ्वास.

काकूंना बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. त्या खुर्चीच्या काठावर टेकायच्या. उठायला उशीर होऊ नये म्हणून टेकायच्या म्हणा ना. जेवायच्या उभ्यानं, वह्या तपासायच्या चालता चालता, आणि कुणी "बसा हो काकू" म्हटलं की त्या घराची खिडकी उघडायच्या. आमच्या आईचं आणि त्यांचं एक युद्ध वर्षानुवर्षं चाललं. सकाळी नळ आला की आई पातेली भरून वर झाकणं ठेवायची. काकू खाली यायच्या, ग्लासात पाणी घेऊन त्यावर नाक धरायच्या आणि निकाल द्यायच्या, "आज डोस चढलाय." मग सगळ्या पातेल्यांची झाकणं काढायच्या.

"अहो साळवेबाई, धूळ पडेल!"

"पडू दे. क्लोरीन आहे त्यात, त्याला बाहेर पडू दे. त्याला एका जागी बसवत नाही."

"तुमच्यासारखंच की मग," आई म्हणायची आणि झाकणं परत ठेवायची. काकू वर पोचायच्या आत आई झाकणं ठेवे, आणि आई पोळ्यांना लागली की काकू येऊन काढत. त्या पाण्यानं दोघींच्या राज्यात कधी धड विश्रांती घेतली नाही.

मी त्यांच्या वर्गातही होतो. क्लोरीनच्या धड्याला त्या पुस्तक उघडत नसत. एक पुडी फिरवायच्या आणि प्रत्येकाला चिमूटभर मीठ चाटायला लावायच्या. आमच्या जिभा बाहेर असतानाच गरजायच्या, "आत्ता जे चाटलंत, त्यातला एक भाऊ पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि दुसरा छातीत गेला तर माणूस गुदमरतो. दोघं एकत्र आले की पेरूवर टाकून खाता!" मग दुसऱ्या भावाचं वर्णन सुरू व्हायचं. पिवळसर हिरवा, उग्र, हवेच्या अडीचपट जड. "बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. आठ हवेत. त्या एका इलेक्ट्रॉनसाठी हा अख्ख्या दुनियेच्या अंगावर जातो. लोखंड म्हणू नका, कापड म्हणू नका, तुमची फुप्फुसं म्हणू नका. मिळाला की मग मिठासारखा गरीब." हे सांगताना त्या स्वतःच वर्गभर अशा फिरायच्या की शेवटच्या बाकावरच्यांना वाटे, आता आपला इलेक्ट्रॉन गेला.

एकदा शाळेची तपासणी होती. वरून एक बडे साहेब आलेले. काकूंनी प्रयोग मांडला. काचेच्या दोन बंद बरण्या, दोन्हींत कोरडा केलेला क्लोरीन. एकीत गुलाबाची सुकवलेली पाकळी टाकली, दुसरीत ओली. सुकी पाकळी होती तशी लाल राहिली. ओली आमच्या डोळ्यांदेखत फिकी पडत पडत पांढरी झाली. साहेबांनी टाळी वाजवली. "वाह मॅडम! ये तो जादू है!"

मुख्याध्यापक हसले. आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत.

"ग़लत," त्या म्हणाल्या.

"जी?"

"जादू नहीं सर, नमी. पानी के बिना ये रंग नहीं उड़ा सकता. आप ने दोनों जार देखे, फिर भी जादू बोल रहे हैं. बच्चों के सामने ऐसा निष्कर्ष मत निकालिए."

त्या वर्षी ज्यांची बढती व्हायची होती त्यांची झाली, काकूंची झाली नाही. साळवेकाकांनी घरी येऊन आमच्या बाबांजवळ कपाळावर हात मारला, "एक 'हो साहेब' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "निष्कर्ष बिघडला असता!"

आणि या प्रकाराला काळवेळ नव्हता. साळवेकाका गेले तेव्हा मराठी मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ भेटायला आले आणि रिवाजाप्रमाणे गदगदून म्हणाले, "किती शांतपणे गेले हो. पुण्यवान माणूस." काकू डोळे पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. "चूक. शांत नव्हते ते. चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर चिडले होते, आणि चिडता चिडता गेले." गृहस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूच पुढे म्हणाल्या, "चिडायचे तेव्हा फार छान दिसायचे." मग त्यांना आवरेना. मी तर म्हणतो, त्या दिवशी घरात खरं रडणं सुरू झालं ते त्या दुरुस्तीनंतर.

पुढे क्वार्टर्स सुटली. योगायोग असा की द्वारकेला आम्ही पुन्हा एकाच सोसायटीत आलो. आता त्या एकट्या होत्या. मुलगा सुहास बंगळुरूला एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, "आई, इकडे ये." काकू म्हणायच्या, "तुमच्याकडे हवा चांगली आहे. मला करमणार नाही." नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे, दिवाळीत आमची चकली त्यांच्याकडे. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर त्यांची सकाळची फेरी असे. नुसत्या वासावरून त्या तलाववाल्याला झापायच्या, "भैया, आज हाथ भारी हो गया!" तो बिचारा पुढे पुढे औषध टाकायच्या आधीच त्यांना हाक मारायला लागला.

मग करोना आला. काकूंना झाला, त्यातून त्या उठल्या, पण नाक गेलं. पुष्कळांचं गेलं आणि परत आलं. काकूंचं गेलं ते गेलंच.

हे आम्हांला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही धसकाच बसेल अशा रीतीनं. माझी बायको नीता त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेली तर दारातच तिला गॅसचा भपकारा आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, कॉक चालू होता, आणि काकू शेगडीला पाठ करून, हातात काडेपेटी घेऊन, देवघरातल्या दिव्याबद्दल शेजारच्या बाईंशी फोनवर वाद घालत होत्या. त्यांच्या घरी देवघर नाही. वाद शेजारणीच्या दिव्याबद्दल होता, पण काडेपेटी त्यांची होती. नीतानं आधी काडेपेटी हिसकावली, मग कॉक बंद केला, मग खिडक्या उघडल्या, आणि मग मटकन खाली बसली.

काकू तिच्यासमोर बसल्या. पूर्ण खुर्चीवर, पाठ टेकून. नीता मला नंतर म्हणाली, मी त्यातच घाबरले.

"सुहासला सांगू नका," काकू म्हणाल्या. "तो मला घेऊन जाईल. तिथे मी करू काय? त्याच्या बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालू? इथे लोक मला विचारतात गं. पाणी कसं आहे, दूध नासलंय का, तलावात काय टाकलंय. तिकडे मला कोण काय विचारणार?"

सुहासनं त्यांना सरळ सांगून ठेवलं होतं: नाक ठीक असेल तोवर तिथे राहा, नसेल तर गॅसपाशी एकटीला ठेवणार नाही. आणि खोटं बोलणं या बाईंच्या स्वभावातच नाही! मग त्यांनी एक वैज्ञानिक तोडगा काढला. सुहास विचारायचा, "वास येतो ना गं नीट?" काकू उत्तर द्यायच्या, "दिल्लीत कुणाला कसला वास येतोय, यार!" हे खोटं नव्हे. तपासून घ्या.

त्यांनी गॅसचा भोंगा आणून बसवला. तो मोहरीच्या फोडणीलाही ठणाणा करायचा, म्हणून काढून टाकला. त्यापेक्षा डोळे बरे, म्हणाल्या. कांदा रंगावर, दूध बुडबुड्यांवर, भात आवाजावर. स्वयंपाक होईतो शेगडीसमोरून हलायचं नाही. आधीच अस्वस्थ बाई, आता घरातल्या घरात गस्त घालायला लागल्या. कॉक हातानं फिरवून पाहायच्या, दारापर्यंत जायच्या, परत येऊन फिरवायच्या. बाहेर मात्र रुबाब तोच. तलाववाल्यानं विचारलं तर पाण्याचा रंग बघून अंदाज ठोकायच्या. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा आणि त्यांचा चेहरा पडायचा. माहीत नसताना बरोबर आलेलं उत्तर!

गेल्या दिवाळीला सुहास आला. सणाला म्हणून आला, पण डोळे इन्स्पेक्टरचे. आल्या दिवशी सहज म्हणून अगरबत्ती लावली आणि विचारलं, "कसली आहे गं?" काकूंनी पुडा आधीच वाचून ठेवला होता. "मोगरा," त्या म्हणाल्या. नीतानं आणि मी श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी दिवाळी पहाट. आमची सोसायटीतली मराठी मंडळी हा कार्यक्रम हिरवळीवर करायची, पण दिवाळीच्या दिल्लीत पहाट दिसत नाही, नुसती चुरचुरते. म्हणून यंदा तळघरातल्या हॉलमध्ये. या कार्यक्रमाचे सर्वेसर्वा आमचे निखिल देशमुख, मूळ पुण्याचे, नोकरी गुरुग्रामला. निखिलनं दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या, फटींना टॉवेल कोंबले होते आणि चार कोपऱ्यांत हवा शुद्ध करणारी यंत्रं घरघरत होती. समोर सतरंजीवर मुलं गायला बसलेली. एका बाजूला हॉलच्या छोट्या स्वयंपाकघराचं दार. त्या दारापासून थेट मुलांपर्यंत फुलांची रांगोळी, मध्ये झेंडू आणि कडेनं सबंध लाल गुलाबाच्या पाकळ्या. ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर पाणी शिंपडलेलं.

आम्ही जिना उतरून आत शिरलो आणि पोहण्याच्या तलावाचा वास आला. मला वाटलं, वा, काय स्वच्छता केलीय. निखिल समोर आला, रेशमी कुर्ता, हात जोडलेले.

"या काकू, या! एकदम फाइव्ह-स्टार वास येतोय ना? सकाळी सहाला येऊन स्वतः क्लीन केलंय."

सुहास आईकडे बघत होता. नीता माझ्याकडे. काकूंनी एक दीर्घ श्वास घेतला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान!"

मी तेव्हा मनात टाळ्या वाजवल्या. म्हटलं, सुटल्या.

कार्यक्रम सुरू झाला. मुलांतलं एक खोकलं, मग दुसरं. पालकांनी हात केले, मास्क लावा, मास्क लावा. माझे डोळे चुरचुरत होते, पण त्या आठवड्यात द्वारकेत डोळे न चुरचुरणारा माणूस दाखवा! "पराली," कुणीतरी मागे म्हणालं. शेतं पेटवल्याचा तो धूर दिल्लीत सगळ्या दुखण्यांचा धनी असतो. निखिलनं यंत्रं मोठी केली आणि जिन्याच्या दाराखालचा टॉवेल पायानं आणखी आत ढकलला.

काकूंची चुळबुळ चालू होतीच. उठल्या, भिंतीशी गेल्या, परत आल्या. पुन्हा उठल्या आणि रांगोळीपाशी थबकल्या. वाकल्या. गाणं चालू असताना मोठ्यानं म्हणाल्या, "या इथे पांढरे गुलाब कुणी घातले?"

"शूऽऽ," कुणीतरी केलं.

"पांढरे आणलेच नव्हते काकू," निखिल हळूच म्हणाला. "सगळे लाल आहेत."

स्वयंपाकघराच्या दारापाशी पाकळ्या पांढऱ्याफटक होत्या. तिथून पुढे फिक्या गुलाबी. मुलांच्या गुडघ्यांशी अजून लाल. टेबलावरच्या फुलदाणीतले गुलाब तर टवटवीत. काकूंनी एक पांढरी पाकळी उचलली, बोटांत चुरली, टेबलाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पूर्ण निश्चल पाहिलं.

"निखिल, या दारामागे काय आहे?"

"काही नाही काकू. सिंक तुंबलेलं, वास मारत होतं. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली, आणि गार्डकडे टॉयलेटचं ॲसिड होतं, तेही घातलं. डबल पॉवर! सिंकमध्ये थोडं ओतलं, बाकी बादली आतच..."

"गाणं बंद!" असा आवाज मी शाळेनंतर ऐकला नव्हता. "मुलांना उचला! चालवू नका, उचला, खांद्यावर घ्या! जिन्यानं वर! ते दार कुणी उघडायचं नाही!"

"काकू, बाहेर पॉल्युशन आहे, जिन्याचं दार उघडलं तर..."

"धूर वर जातो, हा क्लोरीन खाली बसलाय! जड आहे! तुझ्या गुडघ्याएवढा साचलाय आणि ही लेकरं त्यात बसून गातायत! चल, उचल!"

मी एक मूल खांद्यावर टाकलं, सुहासनं दोन. कुणाचा मास्क खाली, कुणाची पैठणी वर, तबला तिथेच, पेटी तिथेच, आणि या गर्दीच्या मागे काकू, मेंढ्या हाकल्यासारख्या, "वर! वर! थांबू नका! बूट राहू दे रे गाढवा!" सगळे बाहेर पडल्यावरच त्या आल्या. वरच्या करड्या, धुरकट, बदनाम हवेत आम्ही सगळ्यांनी तोंडं उघडून असे श्वास घेतले, जसे महाबळेश्वरलाच आलोय. सोसायटीतल्या डॉक्टरीणबाईंनी मुलांचे डोळे धुतले, छात्या तपासल्या. दोघा-तिघांना खबरदारी म्हणून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती फुलबाज्यांसाठी भांडत घरी आली, हे आधीच सांगून टाकतो. अग्निशमनवाले मुखवटे चढवून खाली उतरले आणि बादली घेऊन वर आले.

त्यानंतर मी काकूंना धड पाहिलं नाही. दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसनं बाहेरगावी धाडलं आणि परतलो तोवर फ्लॅटला कुलूप होतं. माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या हिरवळीवरच्या काकू. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, मुठीत पांढरी पाकळी, आणि भोवती अख्खी सोसायटी. निखिल त्यांच्या पायांशी वाकलेला, डोळ्यांतून पाणी, त्यात क्लोरीनचं किती आणि लाजेचं किती कोण जाणे. "काकू, तुमचं नाक होतं म्हणून वाचलो आज. मान गए!" लोक टाळ्या वाजवायला लागले. गार्ड म्हणाला, "मॅडम की नाक तो मशीन है जी." आणि सुहास पुढे आला. त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. चेहऱ्यावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"माझंच चुकलं, आई. मी उगाच काळजी करत होतो. तुझं नाक शाबूत आहे. राहा तू इथेच."

झालं! जिंकल्या होत्या हो! नुसतं मान हलवून घरी जायचं होतं. नीतानं त्यांचा दंड धरला, मी डोळ्यांनी विनवलं, काकू, एकदा, फक्त एकदा, राहू द्या हा निष्कर्ष. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मला स्पष्ट दिसलं, त्यांनी प्रयत्न केला. पाकळीची मूठ आवळली, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाल्या, खाली उतरणाऱ्या त्या जिन्याकडे बघितलं, सुहासकडे बघितलं. आणि मग सबंध हिरवळीला ऐकू जाईल अशा आवाजात फुटल्या.

"चूक! कसलं नाक? करोनापासून मला साधा कांद्याचा वास येत नाही! नाक असतं तर खाली शिरल्या शिरल्या त्याला 'छान' म्हणाले असते का?"